सातवं कडवं

दादा खोकं घेऊन आला तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि रेडिओवर त्यांच्या बँडचं गाणं लागणार होतं चार वाजता. एरवी या घरात रविवारचे साडेतीन तास जेवण, भांडी आणि एक डुलकी यांत कुठे विरून जायचे ते कळायचंही नाही. आज त्याची बहीण खडी सकाळपासून घड्याळाकडे बघत होती, आणि घड्याळ हट्टाला पेटल्यासारखं पाय रोवून उभं होतं.

"आधी हात धू," दादा म्हणाला. "बोटांचे ठसे उमटतात."

"तुझेच उमटलेत सगळे," खडी म्हणाली आणि सुरीनं चिकटपट्टी कापली.

आत गाण्यांच्या पंचवीस तबकड्या, एकीला एक चिकटून. कव्हरवर चौघं. गिटार अडकवलेला दादा, बास वाजवणारा लांब्या, ढोलांमागे दादाची बायको टिपरी, आणि सगळ्यांत पुढे खडी, नेमके डोळे मिटलेली. मागे जुनी बंद खाण. वर मोठ्या अक्षरांत बँडचं नाव, 'सुरुंग', आणि खाली तबकडीचं, 'हाळी'. आईला बँडचं नाव कधीच रुचलं नव्हतं. "ज्या घरातला माणूस सुरुंगानं गेला, त्या घरातल्या पोरांनी असलं नाव ठेवावं?" असं ती एकदाच म्हणाली होती आणि बोलणं अर्धवट टाकून ओट्याकडे वळली होती.

खडीला आईची काळजी नव्हती. तिला धास्ती होती ती अप्पांची.

तबकडीवरची नऊच्या नऊ गाणी खाणीतली. त्यातली आठ तरी अप्पांच्या तोंडची. पंचवीस वर्षं त्यांनी खडकात ड्रिल चालवलं होतं. त्या ड्रिलनं त्यांचा डावा कान पार नेला होता आणि उजव्यात एवढंच ठेवलं होतं की सूर कळावा, पण शब्द विरघळून जावेत; समोरच्याचं बोलणं ते बरंचसं ओठांवरून ओळखत. तरी दाढी करताना, बूट घालताना ते गात. लेकीचा आवाज लहानपणापासून खरखरीत, म्हणून तिचं नाव खडी पाडलं तेही त्यांनीच, आणि त्याच खरखरीत आवाजाला पहिलं गाणंही त्यांनीच शिकवलं. आता तीच गाणी पोरांनी विजेच्या गिटारीला जुंपली होती. मागच्या शेडमध्ये दोन वर्षं काहीतरी धडधडतंय एवढं अप्पांना भिंतींवरून कळलं होतं. पण त्यांनी विचारलं नाही, आणि यांनी सांगितलं नाही. आज ते ऐकतील आणि म्हणतील, आमच्या घामाचा तमाशा केलात. मग तिनं तोंड कुठे लपवायचं?

पुढे या तबकडीवर पुष्कळ लिहिलं गेलं. कामकऱ्यांची गाणी अशीही वाजवता येतात हे आम्हाला 'हाळी'नं दाखवलं, असं नंतरच्या तीन-चार मोठ्या बँडनी उघड सांगितलं. शेवटच्या गाण्यात सहाव्या कडव्यानंतर ढोल एकदम थांबतो आणि जवळजवळ नुसता आवाज उरतो, ती जागा तर इतक्यांनी उचलली की ती सगळ्यांचीच झाली. जाणकारांनी तिला धाडसी कल्पना म्हटलं. खरं तर त्या दिवशी स्टुडिओत सातवं कडवं सुरू झालं आणि टिपरीचे हात थांबले, इतकंच. ते कुणी ठरवलं नव्हतं. पण रेकॉर्ड आली त्या रविवारी यातलं काही कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

खडी स्वयंपाकघरात गेली. आई वाटाणे सोलत बसली होती. खडीनं समोर बसून एक शेंग उचलली.

"शेवटी कुठलं गाणं आहे?" आईनं विचारलं. तिनं आजवर एकाही गाण्याची चौकशी केली नव्हती.

"सातांचं. तेच लागणार आहे रेडिओवर."

"सातांचं कुठलं? सहाच कडवी आहेत त्याला."

"मेले सात, मग कडवी सहा कशी? काकूनं सातवं दिलं मला. टेपवर म्हणून दाखवलं."

आईच्या हातातली शेंग उघडलीच नाही.

तीस वर्षांपूर्वी खाणीची कड कोसळली आणि सात माणसं गेली, हे खडी कळायला लागल्यापासून ऐकत आली होती. सातवा तिचा काका, अप्पांचा थोरला भाऊ. तो वातवाला, म्हणजे सुरुंगाची वात पेटवणारा. खालची माणसं वर आली की कठड्यावरून शिट्टी व्हायची, आणि शिट्टी झाली की हा काडी ओढायचा. त्या दिवशी शिट्टी झालीच नाही, वातवाल्यानं घाई केली, असं चौकशीत ठरलं. तो स्वतःही दगडांखाली गेला, त्यामुळे शिक्षा भोगायला मागे उरली ती काकू. धुण्याला गेली की बायका आपापल्या टोपल्या जवळ ओढून घेत. अप्पांनी तिला घरी आणलं ते तेव्हाच. सहा जणांचं गाणं सगळ्या वस्तीच्या तोंडी बसलं, आणि त्यात काकाचं कडवं नाही याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

"म्हण," आई म्हणाली.

खडीनं हळू आवाजात म्हटलं.

*सातवा माझा घरधनी ग, काडी हातात त्याच्या,*
*शिट्टी ऐकून ओढली त्यानं, शब्दावर दुसऱ्याच्या.*
*शिट्टी मीही ऐकली होती, धुणं होतं हाती,*
*वाजवणारा बोलत नाही, बोलत नाही माती.*

आईनं उठून दार लावून घेतलं.

"वाजवणारा कोण, माहीत आहे तुला?"

"शिट्टी झालीच नाही म्हणतात ना? मला वाटलं, काकूचं आपलं मन..."

"झाली होती." आई दाराला पाठ लावून उभी राहिली. "त्या दिवशी वर तुझे अप्पा होते."

खडीनं बोटांतला वाटाणा चिरडला.

"शिट्टीवाला आजारी होता, म्हणून यांना उभं केलं होतं. दुसऱ्या पाळीची माणसं बाजूच्या वाटेनं वर आली, ती यांनी मोजली. सहा भरली, खाली उतरलेलीही सहाच होती. फुंकली शिट्टी. संध्याकाळी मुकादम घरी आला. म्हणाला, भाऊ तर गेलाच, आता तू कशाला जातोस, शिट्टी झालीच नाही म्हण. चोवीस वर्षांचे होते. म्हणाले तसं. लग्नानंतर सहा महिन्यांनी मला सांगितलं, आणि त्यानंतर एकदाही नाही."

"आणि काकू याच घरात..."

"याच घरात. या ओट्याशी, माझ्या शेजारी. तिला माहीत नाही असं मी धरून चालले होते ग. तेवढ्यावर तर दिवस काढले." आई दारापासून पुढे आली. "ते गाणं थांबवा. काहीही करा."

दहा मिनिटांनी मागच्या शेडमध्ये आई, खडी, दादा आणि टिपरी उभी होती. खडीनं जमेल तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं. दादा ऐकता ऐकता एका खुर्चीवर टेकला, तो टेकलाच. टिपरी ढोलांवर चादर घालत होती, ती तशीच हातात राहिली.

"मी औषधाच्या दुकानातून रेडिओला फोन करते," ती म्हणाली. "दुसरं कुठलंही लावा म्हणावं."

"कर," दादा म्हणाला. "आत्ताच्या आत्ता कर. आणि खडे, तू काय म्हणून ते कडवं घुसडलंस? कुणाला विचारलंस?"

"तुला विचारलं. तू त्यावर गिटार वाजवलीस. वाजवताना रडलास."

"तेव्हा मला माहीत होतं का, की आपण आपल्याच बापाला..." त्यानं वाक्य गिळलं.

"ओरडू नकोस," आई म्हणाली. "मला वाटतं, फोनही नको. कारण काय सांगणार? लागू दे. यांना शब्द कुठे कळणार आहेत? रेडिओच्या खरखरीत तर नाहीच. आपण गप्प बसायचं. बसलोच आहोत इतकी वर्षं."

"त्यांना नाही कळणार, पण वस्तीला कळेल ना," खडी म्हणाली. "सगळे हॉलमध्ये जमणार आहेत ऐकायला. वर कोण होतं हे आठवणारी माणसं आहेत अजून."

"म्हणूनच म्हणतो, फोन!"

टिपरी दारापर्यंत गेली आणि थबकली. या घरात ती नवी, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. आजवर घरातल्या कुणाच्याच शब्दाबाहेर ती गेली नव्हती. "थांबा," ती म्हणाली. "आणि काकूंचं काय? त्यांनी एकदा तोंड उघडलं, ते आपण चौघांनी मिळून पुन्हा बंद करायचं? माझ्या हातून नाही होणार. फोन तूच कर."

"तू कुणाच्या बाजूची आहेस?" दादानं विचारलं.

"आत्ता तुझ्या नाही."

दादा उठला. दारात काकू उभी होती. ठेवणीतला करडा पोशाख, केस चापूनचोपून बसवलेले, हातात काही नाही. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"फोन करायचा असेल तर कर बाळा," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. पण माझं वय आता बासष्ट. परत कडवं रचायला मला काही वेळ नाही."

आईनं तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला आणि तिला तो जमला नाही.

"काकू," खडीनं विचारलं, "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"वर दुसरं कोण होतं त्या दिवशी?"

"मग राहिलीस कशी इथे?"

"जाणार कुठे होते? आणि तुझा बाप रोज सकाळी उठून माझ्या खोलीबाहेर पाण्याची बादली भरून ठेवायचा. माझ्याकडे न बघता. मी म्हणायचे, आज बोलेल, उद्या बोलेल." तिनं बाहीवरची सुरकुती झटकली. "माणूस बादली ठेवतो म्हणजे बोलायच्या बेतात असतो, असं मला वाटायचं."

अप्पा दोन वाजता आले, न्हाव्याकडून, मानेवर पावडर घेऊन. जेवणात कुणी बोललं नाही, पण त्यांच्या ते ध्यानात आलं नसावं. त्यांची जेवणं तशीही शांतच असत. त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "चला, लावा बघू तुमची ती भानगड."

दादानं आईकडे पाहिलं, आईनं काकूकडे. काकू भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. दादानं तबकडी ठेवली. सुई टेकवली.

अप्पा स्पीकरच्या लाकडी खोक्याजवळ स्टूल ओढून बसले आणि त्यांनी खोक्यावर तळवा ठेवला. पहिल्या गाण्याला गिटार खेकसली तशा त्यांच्या भुवया वर गेल्या. पण तळवा हलला नाही. तिसऱ्या गाण्याला त्यांची टाच जमिनीवर पडायला लागली.

"ढोलावर कोण आहे?"

"मी, अप्पा," टिपरी त्यांच्या उजव्या बाजूला येऊन मोठ्यानं म्हणाली.

"पहार अशीच पडते. दुसरा ठोका जरा मागे. कुणी शिकवलं तुला?"

"तुम्ही दाढीचा ब्रश बेसिनवर आपटता ना, तसा घेतलाय."

अप्पा हसले. दोन दात नसलेलं, खरं हसू. एरवी खडी त्या हसण्यासाठी काहीही द्यायला तयार झाली असती. आज तिला ते बघवेना. भीती होती ती गोष्ट घडलीच नव्हती. त्यांना तबकडी आवडली होती. आणि आता प्रत्येक गाण्याबरोबर सुई आत आत सरकत होती.

दादानं तबकडी उलटली. चार गाणी झाली. मग शेवटचं लागलं.

*पहिला गेला पहारवाला, हात घट्ट दगडाचे,*
*त्याच्या दारी वाट बघती दोन जोडे कातड्याचे.*

प्रत्येक कडव्याला अप्पा एक एक माणूस पुटपुटत होते. "डावखुरा होता हा... हा गाडीवर होता... याला पोहता यायचं नाही." सहावं संपलं तसा त्यांनी तळवा उचलला, झालं म्हणून. पण ढोल थांबला तरी आवाज थांबला नाही. ते गोंधळले. हात परत खोक्यावर ठेवला. बासचा एकच खोल सूर आणि त्यावर त्यांच्या लेकीचा आवाज. मग तोही संपला. शेवटच्या चरीत सुई खर्र खर्र फिरत राहिली आणि ती उचलायला कुणी गेलं नाही.

"अजून एक होतं का?" अप्पांनी विचारलं. "खडे, काय म्हणालीस शेवटी? सूर कळला. शब्द नाही कळले. शिट्टी म्हणालीस का काही?"

"चहा टाकू का?" आई म्हणाली.

"थांब जरा." त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. "इकडे ये. सांग."

खडी गेली. गुडघ्यांवर बसली. त्यांच्या कानाच्या पाळीला दगडाच्या कपचीनं पडलेली जुनी खाच होती, आणि साबणाचा वास येत होता. शब्द बदलणं तिच्या हातचा मळ होता. गाता गाता ती अख्खी ओळ नवी करत असे. पहिली ओळ खरी सांगायची आणि पुढचं काहीतरी जुळवायचं, डोंगर, नदी, वारा. क्षणाचं काम. आई ओट्याला धरून उभी होती आणि तिचे डोळे हेच म्हणत होते. काकू कुठेच बघत नव्हती. तिनं मांडीवर हात ठेवले होते आणि डोळे मिटले होते, आणि तिचा खालचा ओठ किंचित हलत होता, जणू ती शब्द मोजणार होती.

खडीनं गायलं नाही. साध्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, चारही ओळी तिनं त्या कानात सांगितल्या. 'बोलत नाही' तेवढं तिनं पुन्हा म्हटलं.

अप्पांनी मान तिरकीच ठेवली, जणू अजून कुणी बोलतंय.

"कुणी रचलं?"

"मी," काकू म्हणाली. मोठ्यानं, त्यांना ऐकू जाईल असं.

"कधी, वहिनी?"

"त्याच वर्षी."

"म्हणजे तुम्हाला..." त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून, भाऊजी."

सुईची खर्र खर्र दादाला सहन होईना. त्यानं जाऊन प्लेअर बंद केला. त्या शांततेत अप्पा उठले. खुंटीवरचा कोट काढला. "किती वाजले?"

"सव्वातीन," टिपरी म्हणाली.

"कुठे निघालात?" आई आडवी आली. "आता का? कुणासाठी? मुकादम गेला, कंपनी गेली. कुणी विचारतंय का तुम्हाला?"

"सगळे हॉलमध्ये आहेत. चार वाजता ते पोरीच्या तोंडून ऐकतील. आधी माझ्या तोंडून ऐकू दे."

"तुम्हाला काही झालं म्हणजे?"

"होईल ते होईल ग." त्यांनी तिला बाजूला केलं नाही. तिनं वाट सोडावी म्हणून ते नुसते उभे राहिले. मग आईनं त्यांच्या मानेवरची पावडर पदरानं पुसली आणि ती बाजूला झाली. "मी नाही येणार," ती म्हणाली. "मला नाही बघवणार."

रस्त्यावर काकू सगळ्यांच्या पुढे चालत होती. ती कधीच पुढे चालत नसे. तिच्यामागे अप्पा, मग खडी, आणि बरंच मागे दादा आणि टिपरी, एकमेकांशी न बोलता.

खाणकामगारांचा हॉल म्हणजे एक लांब खोली, तीस-पस्तीस खुर्च्या आणि समोर टेबलावर रेडिओ. यांना बघून टाळ्या पडल्या. कुणीतरी खडीची पाठ थोपटली. "आली आमची गाणारी!" अप्पा थेट टेबलाशी गेले आणि त्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "त्या दिवशी शिट्टी झाली होती. ती मी वाजवली. माझी मोजणी चुकली. दुसऱ्या पाळीची माणसं मी तुमची समजलो. माझ्या भावानं घाई केली नाही. चौकशीत मी खोटं बोललो."

एवढंच. बोलताना त्यांचा हात रेडिओच्या कडेवर होता, तळवा टेकवलेला.

कुणी ओरडलं असतं तर खडीला बरं वाटलं असतं. पहिल्या कडव्यातल्या पहारवाल्याचा मुलगा, आता स्वतः पन्नाशीला टेकलेला ट्रकचालक, उठून अप्पांच्या अगदी समोर आला. खडी पुढे सरकली. त्यानं हात उगारला नाही.

"तीस वर्षांनी सांगतोस?"

"हो."

"मग आम्ही काय करायचं आता?"

ट्रकचालकानं आपली खुर्ची उचलली, खिडकीशी नेली आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला. दोन म्हातारे उठून निघून गेले. अप्पा मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या भराभर रिकाम्या झाल्या. खडी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण कोटाची बाही तिच्या दंडाला लागली ती त्यांनी काढून घेतली नाही.

कुणीतरी रेडिओ मोठा केला. चार वाजले होते.

स्वतःचा आवाज रेडिओतून येताना खडीला परका वाटला. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. खिडकीशी बसलेल्या ट्रकचालकाचा खांदा हलला. चौथ्याला पुढच्या रांगेतली इस्त्रीवाली बाई ओठांनी म्हणायला लागली. ते तिच्या नवऱ्याचं होतं.

*चौथा गेला नवा नवरा, सदरा होता कोरा,*
*अजून त्याच्या बाहीला ग बायकोचाच दोरा.*

सातवं लागलं तेव्हा काकू दाराशी उभी होती, एक पाय आत, एक बाहेर. खोलीतल्या प्रत्येकानं ते ऐकलं आणि कुणी मागे वळून पाहिलं नाही.

"हे होतं 'सुरुंग' या नव्या बँडचं गाणं," निवेदिका म्हणाली. "गीत आणि चाल पारंपरिक. रचनाकार अज्ञात."

"अज्ञात कशी?" काकू रेडिओला म्हणाली. "ही काय इथे उभी आहे."

"शेवटचं असेल तुझं," खिडकीशी बसलेला ट्रकचालक न वळता म्हणाला. "बाकीची आमची आहेत."

"नाहीत रे." इस्त्रीवाली मान खाली घालूनच बोलली. "सगळी हिचीच आहेत. नदीवर खालच्या दगडाशी एकटी बसून म्हणायची ही. आम्ही हिला वर बसू देत नव्हतो ना. मी ऐकून ऐकून पाठ केली आणि तुमच्या आयांना म्हणून दाखवली. कुणाची म्हणून विचारलं तेव्हा म्हटलं, कोण जाणे. हिचं नाव घेतलं असतं तर कुणी तोंडात धरली नसती."

खडीनं काकूकडे पाहिलं. आठ महिन्यांपूर्वी टेपसमोर बसून काकूनं सातवं म्हटलं होतं. बाकीच्या सहांबद्दल चकार शब्द काढला नव्हता. अप्पांनी भिंतीला डोकं टेकवलं. हे त्यांना ऐकू आलं होतं की नुसतं दिसलं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

इस्त्रीवालीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. काकू लगेच गेली नाही. तिनं आधी हॉलभर एकदा नीट नजर फिरवली, चेहऱ्यांवरून, टेबलावरून, भिंतीशी उभ्या असलेल्या दिरावरून. मग सावकाश येऊन त्या खुर्चीत बसली. दोघी समोर रेडिओकडे बघत राहिल्या. त्यावर आता बातम्या लागल्या होत्या.

"त्या बाहीच्या दोऱ्याचं तुला कसं कळलं होतं ग?" इस्त्रीवालीनं विचारलं.

"तू सदरा वाळत घातला होतास ना, झुडपावर. निळा दोरा होता."

"निळाच," इस्त्रीवाली म्हणाली. "पांढरा संपला होता घरातला."